रस्ता आणि निसर्ग यांचा सलोखा

१९५६ सालापूर्वीं काठमांडू शहरांत मोटारी होत्या. परंतु काठमांडूला पोंचणारा मोटारीचा रस्ता मात्र नव्हता. तराईंतून आलेली मोटार डोंगराच्या पायथ्याशीं थांबे. मग कळकांच्या व वाशांच्या चौकटीवर ती बांधली जाई आणि भरिया म्हणजे हमाल लोकांच्या टोळ्या ती खांद्यावर घेऊन घाट चढत. ज्या पायवाटेनें श्रीमंताची मोटार जाई, त्याच वाटेनें मीठ जाई, कापड जाई, आणि अडलेली बाळंतीण किंवा तापानें फणफणलेला रोगी पाठीवरच्या टोपलींत बसून खालीं येई. भारताच्या साहाय्यानें बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ सालीं पुरा झाला, तेव्हां राजधानीच्या हमालांच्या खांद्यावरचें हें ओझें उतरलें. दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतील लोकांना मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें टोपलीवांचून गति नव्हती.

रस्ते व निसर्ग यांच्याविषयीं जो कोणी बोलूं इच्छितो, त्यानें आरंभ या टोपलीपासून करावा हें बरें. ज्याच्या दारापर्यंत डांबरी सडक आलेली आहे, त्यानें डोंगरांतल्या माणसाला रस्ता नको असें सांगणें शोभत नाहीं. रस्त्याबरोबर दवाखाना जवळ येतो, शाळेला मास्तर मिळतो आणि शेतांतल्या मालाला भाव येतो. तेव्हां रस्ता हवा कीं नको, हा प्रश्न बहुतेक ठिकाणीं निकालांत निघालेला आहे. उरतो तो प्रश्न असा कीं, तो कोठून न्यावा, कसा बांधावा आणि बांधल्यावर कोणी सांभाळावा. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पहिली कुदळ पडण्यापूर्वीं द्यावीं लागतात. मागाहून दुतर्फा झाडें लावून त्यांची भरपाई होत नाहीं.

प्रश्न लहान नाहीं. विल्यम लॉरेन्स व त्यांचे सहकारी या शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत असा हिशेब मांडला आहे कीं, २०५० सालापर्यंत जगांत किमान अडीच कोटी किलोमीटर नवे रस्ते होतील. एवढ्या लांबीनें विषुववृत्ताला सहाशेंहून अधिक वेढे बसतील. यांतील दहापैकीं नऊ हिस्से रस्ते विकसनशील देशांत व्हावयाचे आहेत. म्हणजे जेथें अरण्यें अद्याप शिल्लक आहेत, पाऊस धो धो पडतो आणि सरकारच्या तिजोरींत पैसा बेताचा असतो, नेमके तेथें.

डोंगराळ मुलखांत या घाईची किंमत कशी द्यावी लागते, हें दरडींच्या नोंदींवरून दिसतें. २००४ ते २०१६ या काळांत भूकंपाखेरीज इतर कारणांनीं कोसळलेल्या ४,८६२ प्राणघातक दरडींची जगभरांतून नोंद झाली, आणि त्यांत ५५,९९७ माणसें दगावलीं. बहुतेक दरडी पावसानें कोसळल्या हें खरें. परंतु माणसाच्या हातून, विशेषतः बांधकाम, खाणकाम व डोंगराची तोड यांमुळें कोसळणाऱ्या दरडींची संख्या त्या काळांत वाढत गेली, असा या नोंदींचा निष्कर्ष आहे. १२ जुलै २०२४ रोजीं पहांटे नेपाळांत नारायणघाट–मुग्लिंग रस्त्यावर सिमलताल येथें दरड कोसळली आणि दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदींत लोटल्या गेल्या. त्यांत साठांच्या घरांत माणसें होतीं. वांचलीं तीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. त्या रात्रीं पाऊस मोठा होता, आणि अशा अपघाताचें खापर एकाच कारणावर फोडणें योग्य नव्हे. परंतु पाऊस डोंगरावर शतकानुशतकें पडतच आला आहे. रस्ता आल्यावर त्या डोंगराच्या अंगांत काय बदलतें, हें समजून घेणें हाच यांतील शहाणपणाचा भाग आहे.

डोंगराचा उतार हा माती, दगड, झाडांचीं मुळें आणि पाणी यांचा फार दिवसांचा समझोता असतो. रस्त्यासाठीं त्यांत खांच पाडली कीं तीन गोष्टी घडतात. वरच्या उताराचा पाया कापला जातो. कापलेली माती खालच्या उतारावर बोजा होऊन बसते. आणि जें पावसाचें पाणी अंगभर पसरून उतरत होतें, तें रस्त्याच्या गटारांत गोळा होऊन एखाद्या ठिकाणीं लोंढ्यानें कोसळतें.

यांतील मातीचा हिशेब कोणालाही घरीं बसून करतां येईल. समजा, ३० अंशांच्या उतारावर ५ मीटर रुंदीचा रस्ता काढावयाचा आहे आणि वरचा कडा ७० अंशांत कापावयाचा आहे. सगळी रुंदी डोंगर कापूनच मिळवावयाची म्हटली, तर दर मीटर लांबीला सुमारें ९ घनमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारें ९ हजार घनमीटर माती व दगड निघतात. ९ घनमीटर माल वाहणारी एक मालमोटार धरली, तर त्या एका किलोमीटरच्या हजार खेपा झाल्या. आतां तोच रस्ता निम्मा कापून व निम्मा भरून काढला, तर कापण्याची रुंदी अडीच मीटरांवर येते आणि निघणारी माती सव्वादोन हजार घनमीटरांच्या आसपास, म्हणजे केवळ चतुर्थांश राहते. शिवाय ती फेंकून द्यावी लागत नाहीं; खालच्या अंगाला दगडाची भिंत घालून तिच्या मागें भराव म्हणून तीच वापरतां येते. रुंदी निम्मी केली कीं माती चौथाईवर येते, हा भूमितीचा साधा नियम आहे. हाच नियम उलट दिशेनेंही तितक्याच निष्ठुरपणें लागू पडतो.

नेपाळांत कांहीं लोकांनीं हा नियम वेळींच ओळखला. स्वित्झर्लंडच्या साहाय्यानें १९७५ ते १९८५ या काळांत बांधलेला लामोसांगू–जिरी हा ११० किलोमीटरांचा रस्ता मुख्यतः माणसांच्या हातांनीं बांधला गेला. पुढें धादिङ, पाल्पा यांसारख्या जिल्ह्यांत जर्मन व स्विस साहाय्यानें ग्रामीण रस्त्यांची जी पद्धति रूढ झाली, तिला ‘हरित रस्ता’ असें नांव पडलें. या नांवांत कसलाही डामडौल नाहीं. तिचे नियम शेतकऱ्याच्या अनुभवाला पटतील असेच आहेत.

पहिला नियम आंखणीचा. कागदावरची रेघ डोंगरावर ओढण्यापूर्वीं गांवकऱ्यांना बरोबर घेऊन सारा मार्ग पायीं हिंडावयाचा. झरे कोठें फुटतात, कोणता उतार पूर्वीं खचला आहे, कोणत्या ओढ्याला किती पूर येतो, हें त्या गांवच्या म्हाताऱ्याला नकाशापेक्षां अधिक ठाऊक असतें. अशीं ठिकाणें टाळावयाचीं. नागमोडी वळणें घ्यावयाचीं तीं पक्क्या व सौम्य उतारावर. एकाच कच्च्या कड्यावर एकाखालीं एक अशीं रचावयाचीं नाहींत. दुसरा नियम कापणी व भराव यांचा तोल राखण्याचा. त्याचा हिशेब वर आलाच आहे. तिसरा नियम सबुरीचा. पहिल्या वर्षीं केवळ अरुंद पाऊलवाट काढावयाची, ती पावसाळ्यांत तशीच ठेवावयाची, आणि पाऊस सरल्यावर पुन्हां थोडी रुंद करावयाची. असें तीनचार वर्षें चाललें म्हणजे प्रत्येक पावसाळ्यांत डोंगर कोठें हलतो तें आपोआप दिसून येतें, आणि मोठें नुकसान होण्याआधीं तेथें उपाय करतां येतो. सुरुंगाचा उपयोग शक्य तों टाळावयाचा. कारण त्याच्या हादऱ्यानें जो खडक तुटतो त्याहून पुष्कळ अधिक खडक आंतून खिळखिळा होतो.

चौथा नियम पाण्याचा, आणि जाणते लोक यालाच अग्रमान देतात. रस्त्याचें अंग किंचित् बाहेरच्या बाजूस झुकतें ठेवलें, तर पाणी एकत्र न होतां पातळ पापुद्र्यासारखें सर्वत्र वाहून जातें. जेथें गटार व मोरी अटळच असेल, तेथें मोरीच्या तोंडाशीं पडणारें पाणी दगडी फरसबंदीवरून थेट ओढ्यापर्यंत पोंचवावयाचें. मोरी बांधून तिचें पाणी खालच्या शेतकऱ्याच्या पायरीशेतींत सोडून द्यावें आणि काम पुरें झालें म्हणावें, हा प्रकार अनेक देशांत सर्रास चालतो. खालचा शेतकरी रस्त्यावरून फार तर महिन्यांतून एकदां जात असेल. परंतु त्याच्या शेताला रस्ता दर पावसाळ्यांत येऊन भेटतो.

पांचवा नियम झाडोऱ्याचा. कापलेल्या उतारावर गवत व झुडुपें लावून माती धरून ठेवण्याची विद्या नेपाळांत शास्त्रशुद्ध रीतीनें वाढली. आपल्याकडे ज्याच्या कुंचल्याचे झाडू होतात, त्या जातीचें अम्रिसो नांवाचें गवत, बांबू आणि उत्तिस नांवाचें डोंगरी झाड यांचा तेथें मोठा उपयोग होतो. अम्रिसो गुरांना चारा देतें आणि त्याचे झाडू बाजारांत विकले जातात. म्हणून तें राखण्यांत गांवकऱ्यांचा स्वार्थही असतो. पण हेंही काम आंधळेपणानें करतां येत नाहीं. कोरड्या उतारावर गवताच्या रांगा आडव्या लावल्या तर त्या पाणी अडवून मातीला ओल देतात, तें इष्टच. मात्र चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या मातींत त्याच आडव्या रांगा घातक ठरतात. माती पाणी पिऊन जड होते आणि रांगांसकट खालीं बसते. तेथें रांगा तिरप्या किंवा उताराच्या दिशेनें लावून पाण्याला वाट करून द्यावी लागते. तेव्हां ‘झाडें लावा’ एवढा उपदेश पुरत नाहीं. कोणतें झाड, कोठें आणि कोणत्या दिशेनें, हें सांगणारा माणूस लागतो.

या पद्धतीचा आणखी एक लाभ असा कीं, सुगीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत गांवच्या स्त्रीपुरुषांना मजुरी मिळते. रस्त्यावर खर्चलेला पैसा यंत्राच्या भाड्यांत व तेलांत न जातां बराचसा त्याच खोऱ्यांत राहतो. शिवाय ज्यानें भिंत रचली, त्यालाच ती पुढें दुरुस्तही करतां येते.

मग अशी पद्धति सर्वत्र कां चालत नाहीं? याचें उत्तर नेपाळच्याच अलीकडच्या अनुभवांत आहे. २०१५ च्या नव्या राज्यघटनेनंतर २०१७ सालीं तेथें स्थानिक निवडणुका झाल्या आणि गांवोगांवच्या कारभाराकडे पैसा व अधिकार आले. ही गोष्ट चांगलीच होती. परंतु मतदारांना ताबडतोब दाखवतां येईल असें काम म्हणजे रस्ता, आणि ताबडतोब रस्ता करणारें साधन म्हणजे डोझर. हातांनीं जें काम तीन वर्षें चाललें असतें, तें डोझर कांहीं आठवड्यांत उरकतो. तो डोंगर कापतो आणि माती खालीं लोटतो. भिंत नाहीं, मोरी नाहीं, गटार नाहीं. पहिल्या पावसाळ्यांत रस्ता चिखलांत बुडतो. दुसऱ्या वर्षीं डोझर पुन्हां येतो, पुन्हां कापतो.

असा रस्ता स्वस्त दिसतो, कारण त्याचा अर्धा खर्च अंदाजपत्रकांत लिहिलेलाच नसतो. मातीखालीं गाडलेली पायरीशेती, बुजलेला झरा, गाळानें भरलेला पाट आणि दर वर्षीं दरड उपसण्याची मजुरी यांचीं बिलें निरनिराळ्या लोकांकडे, निरनिराळ्या वेळीं जातात. या सर्वांची बेरीज एकाच कागदावर मांडली, तर बहुतेक वेळां भिंत व मोरी आधींच बांधणें स्वस्त ठरेल. मक्तेदाराला कापलेल्या मातीच्या घनमापावर पैसे मिळत असतील, तर तो कमी माती कां कापील? माती ठरलेल्या जागीं नेऊन टाकणें, मोऱ्यांचीं तोंडें बांधणें, उतारावर गवत रुजवून दोन पावसाळे तें जगवणें, या गोष्टींना कराराच्या कागदांत स्वतंत्र दर व स्वतंत्र मोबदला असला पाहिजे. तसें झालें म्हणजे निसर्गाचें रक्षण हें मक्तेदाराचें कामच होऊन जातें. त्याच्या सद्बुद्धीवर विसंबावें लागत नाहीं.

रुंदीचा प्रश्नही असाच आधीं सोडवावयाचा असतो. उत्तराखंडांतील चारधाम महामार्गाच्या, म्हणजे सुमारें ९०० किलोमीटरांच्या कामाच्या वेळीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोंगरी रस्त्यांची डांबरी रुंदी साडेपांच मीटर असावी, असें केंद्र सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकांत म्हटलें होतें, आणि न्यायालयानें सप्टेंबर २०२० मध्यें तेंच पाळावयास सांगितलें. पुढें सैन्याच्या हालचालींची निकड लक्षांत घेऊन डिसेंबर २०२१ मध्यें न्यायालयानें अधिक रुंद, दुपदरी रस्त्याला अनुमति दिली. देशाच्या रक्षणाची गरज क्षुल्लक आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु साडेपांचाचे दहा मीटर केले, आणि सर्व रुंदी डोंगर कापूनच मिळवावयाची असली, तर वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें माती दुप्पट नव्हे, तर तिपटीहूनही अधिक निघते. हें काम ५३ तुकड्यांत विभागलें गेल्यामुळें साऱ्या मार्गाच्या परिणामांचा एकत्रित अभ्यासही झाला नाहीं. डोंगराला मात्र असे तुकडे ठाऊक नसतात; वरच्या तुकड्याची माती खालच्या तुकड्याच्या नदींत येतेच.

येथवर विचार झाला तो रस्ता कसा बांधावा याचा. परंतु कांहीं भूमि अशी असते कीं, तेथें अत्यंत काळजीनें बांधलेला रस्ताही घातच करतो; कारण तेथें नुकसान रस्त्यानें होत नाहीं, रस्त्यावरून येणाऱ्यांनीं होतें. ब्राझील देशानें ॲमेझॉनच्या अरण्यांतून महामार्ग काढले. या मुख्य रस्त्यांना आडवे फांटे फुटले, फांट्यांना पुन्हां उपफांटे फुटले, आणि आकाशांतून पाहतां अरण्यांत माशाच्या कांट्यासारखी आकृति उमटली. २०१४ सालच्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ॲमेझॉनमधील जंगलतोडीपैकीं सुमारें ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपांच किलोमीटरांच्या किंवा नौकागम्य नदीपासून एक किलोमीटराच्या आंत झालेली आहे. आणि दर एक किलोमीटर अधिकृत रस्त्यामागें जवळजवळ तीन किलोमीटर बेकायदा रस्ते उभे राहिले आहेत. अशा भूमींत खरा उपाय एकच : रस्ता तेथून न नेणें, आणि जेथें आधींच शेती व वस्ती आहे तेथील रस्ते सुधारणें. टांझानियांतील सेरेंगेटी अभयारण्याच्या उत्तर भागांतून सडक काढण्याचा बेत २०१० सालीं पुढें आला, तेव्हां दहा लाखांहून अधिक नू हरणांच्या वार्षिक स्थलांतराची वाट ती छेदणार होती. २०१४ सालीं पूर्व आफ्रिकी न्यायालयानें तेथें डांबरी रस्ता करण्यास मनाई केली. अरण्याला दक्षिणेकडून वळसा घालणारा मार्ग त्या वेळीं अनेकांनीं सुचविला होता. वळसा लांब पडतो हें खरें. पण त्या वळशावर गांवें असतात, आणि रस्त्याची खरी गरज गांवांनाच असते.

टाळतां न येणारा रस्ता अरण्यांतून न्यावाच लागला, तर काय करतां येतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेवरच आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वीं सातव्या क्रमांकाचा होता व आतां चव्वेचाळिसावा आहे, पेंचच्या व्याघ्र-अरण्यांतून जातो. हा रस्ता चौपदरी करण्याचा बेत झाला तेव्हां वन्यप्राण्यांच्या वाटेवरून कित्येक वर्षें न्यायालयांत वाद चालला. अखेर भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानें रस्ता उचलून धरण्यांत आला आणि महाराष्ट्राच्या हद्दींत त्याच्याखालून प्राण्यांसाठीं नऊ वाटा ठेवण्यांत आल्या. त्यांतील लहानांत लहान ५० मीटरांची व मोठ्यांत मोठी ७५० मीटरांची आहे. मार्च ते डिसेंबर २०१९ या दहा महिन्यांत तेथें बसविलेल्या छायाचित्रण-यंत्रांनीं १८ जातींचे वन्यप्राणी या वाटांनीं जातांना टिपले. वाघ ८९ वेळां दिसला. वर मालमोटारींची रहदारी चालू आणि खालून चितळ, गवा व वाघ आपापल्या वेळीं पार होत आहेत, असें तेथील चित्र आहे. हा खर्च मोठा होता यांत शंका नाहीं. परंतु तो आराखड्यांत आधीं धरतां आला, म्हणूनच शक्य झाला. बांधून झालेला रस्ता मागाहून असा उचलतां येत नाहीं.

आतां राहिला शेवटचा प्रश्न, रस्ता सांभाळण्याचा. महाराष्ट्रांत सडकांवर मैलकुली असत. ठराविक लांबीचा तुकडा त्यांच्याकडे सोंपविलेला असे. पावसाच्या आधीं ते गटारें साफ करीत, मोरींत अडकलेल्या फांद्या काढीत, कडेची खांच बुजवीत. नेपाळच्या डोंगरी रस्त्यांवरही फावडें व विळा घेऊन आपापला तुकडा राखणारे असेच मजूर नेमण्याची पद्धत घालून देण्यांत आली. पर्यावरणाच्या मोठमोठ्या योजनांत या माणसाचें नांव क्वचितच येतें. वस्तुतः तुंबलेली एक मोरी वेळेवर मोकळी करणारा हा मजूर जेवढा डोंगर वांचवितो, तेवढा उद्घाटनाच्या दिवशीं लावलेल्या हजार रोपांनीं वांचत नाहीं. नवा रस्ता मंजूर करतांना त्याच्या रोजाची तरतूद पुढील दहा वर्षांसाठीं आधींच करून ठेवणें, हा निसर्गरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबें सुटींत घाट चढून थंड हवेच्या ठिकाणीं जातात, तीर्थयात्रेला जातात, आणि रस्ता किती रुंद, किती वेगाचा, एवढीच चौकशी करतात. सरकारेंही हाच प्रश्न ऐकून रस्ते आंखतात. त्याऐवजीं कापलेली माती कोठें टाकली, मोरीचें पाणी कोणाच्या शेतांत जातें, आणि पुढच्या पावसाळ्यांत येथें कोण फावडें घेऊन उभा राहणार, असे प्रश्न लोकांनीं विचारावयास आरंभ केला, तर त्यांचीं उत्तरें अंदाजपत्रकांत लिहावींच लागतील. डोंगरांतल्या रोग्याला रस्त्यानें दवाखान्यांत नेतां आलें पाहिजे. आणि तो बरा होऊन परत येईल तेव्हां त्याचें शेत त्याच रस्त्याच्या मातीखालीं गेलेलें नसलें पाहिजे.